कमरेएवढं पाणी

माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या आईने मध्यस्थाला एकच गोष्ट विचारली. मुलगी दिसायला कशी, कुराण वाचते का, विणकाम येतं का, यातलं काहीच नाही. तिने विचारलं, "आलांगची मुलगी म्हणजे कुठल्या आलांगची? पाणी आटवणाऱ्या?"

मध्यस्थाने विड्याचं तबक पुढे ओढलं आणि मान खाली घालून सुपारी कातरत बसला. आई काय ते समजली. पण आमचीही परिस्थिती काही फार नाव घेण्यासारखी नव्हती, आणि मुलगी मला नदीवर दिसली होती, मनात भरली होती. लग्न झालं. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी बायकोच्या घरी राहायला गेलो, आणि आलांग लुदिन, माझे सासरे, मरेपर्यंत त्यांच्याच छपराखाली राहिलो. पुढे जे सांगतोय त्यातलं बरंचसं त्यांच्याकडून कळलं, काही सासूबाईंकडून, आणि काही पांडाक कासाकडून, जो त्या दिवशी त्याच होडीत वल्हं मारत होता.

आलांग म्हणजे घरातला तिसरा. सेराया नदीच्या काठी निम्म्या पुरुषांना अशीच जन्माच्या क्रमाने नावं पडतात; मी थोरला, म्हणून कुलोप. हे तिसरे चिरंजीव राजा मुदांच्या होडीचे तांडेल होते. त्यांचे वडीलही तांडेल होते. राजा मुदा म्हणजे गादीचा पुढचा वारस. आमच्या राज्यात गादी बापाकडून सरळ मुलाकडे जात नसे. शिडीसारखी व्यवस्था होती. सुलतान गेले की राजा मुदा वर चढायचे, दिवाण राजा मुदा व्हायचे, आणि खालचा एखादा राजपुत्र दिवाण. आणि त्यात एक कडक रिवाज होता. गादी रिकामी असताना सुलतानाची मय्यत उचलायची नाही. आधी नव्याचं नाव पुकारायचं, नौबत वाजवायची, मग जुन्याला माती द्यायची. म्हणजे जो मातीला हजर नाही तो गादीला हजर नाही.

त्या वेळचे राजा मुदा बद्रुल नदीच्या मुखाशी, कुआला बातूला राहायचे. ते आणि माझे सासरे जवळपास एका वयाचे. लहानपणी दोघे एकाच ओंडक्यावर बसून भरतीच्या लाटा खात असत. मोठेपणी एक छत्राखाली बसला आणि दुसरा त्याला तुआंकू, म्हणजे महाराज, म्हणत सुकाणूपाशी, पण होडीत दोघांचं एकमेकांवाचून चालत नसे. राजा मुदा मनाने चांगला माणूस होता. देणारा होता, हसरा होता. फक्त कठीण गोष्ट समोर आली की ती उद्यावर टाकायची, हा त्यांचा स्वभाव.

अशीच एक गोष्ट त्यांनी वर्षभर उद्यावर टाकली होती. त्यांच्याकडे पाहुणा म्हणून राहिलेला राजा आलियास नावाचा एक राजपुत्र, कोंबड्यांच्या झुंजी लावणारा, गोड बोलणारा, त्यांची राणी घेऊन निघून गेला होता. दोघं नदीच्या मधल्या अंगाला, तेलुक बेरेम्बांग गावात उघड घर करून राहत होती. आमच्या लोकांत अशा वेळी माणूस एक तर तलाक देतो, नाही तर कट्यार काढतो. राजा मुदांनी दोन्ही केलं नाही. ते शिकारीला जाऊ लागले, अफू ओढू लागले, आणि वरच्या अंगाला जायचं त्यांनी बंदच केलं. कारण वर जायचं तर तेलुक बेरेम्बांगवरून जावं लागतं, आणि तिथे सगळं गाव सकाळ-संध्याकाळ नदीवरच्या तराफ्यांवर अंघोळीला, धुण्याला बसलेलं असतं.

आणि अशात सुलतान वारले. ते राजा मुदांचे चुलते. राजधानी पुलाउ केम्बांग, पार वरच्या अंगाला. निरोप्या आला तेव्हा राजा मुदा रडले, नमाज पढले, आणि होडी सजवायला सांगितली. पिवळं छत्र लावलं, वल्हेकरी बसले, तांडेलांनी सुकाणू धरलं. सासूबाई तेव्हा पोटुशी होत्या. त्या घाटावर उभ्या होत्या. म्हणायच्या, "होडी निघाली तेव्हा मला वाटलं, परत येताना माझा नवरा सुलतानाचा तांडेल असेल."

पहिले काही दिवस प्रवास सुरळीत झाला. पाऊस लांबला होता, नदी थोडी उतरली होती, पण होडीला अडचण नव्हती. जसजसं तेलुक बेरेम्बांग जवळ येऊ लागलं तसे राजा मुदा गप्प होत गेले. विडा तोंडात धरून ठेवायचे, ना चघळायचे ना थुंकायचे. गाव एका वळणावर राहिलं तेव्हा मध्ये वाळूचा एक दांडा आला. तो दांडा तिथे दर वर्षी असतो. राजा मुदा म्हणाले, होडी थांबवा.

तांडेल पाण्यात उतरले. पाणी त्यांच्या कमरेएवढं होतं. दांड्याच्या डाव्या अंगाने तर छातीपर्यंत. ती होडी गुडघाभर पाण्यातही सरकली असती. ते ओल्या लुंगीने परत वर चढले आणि छपराखाली डोकावले.

राजा मुदांनी विचारलं, "आलांग, पाणी कसं आहे?"

सासरे सांगायचे की त्यांनी त्या वेळी वर बघितलं, आणि बघितलं नसतं तर बरं झालं असतं. राजा मुदांचा चेहरा शाळेला जायचं नाही म्हणून पोट दुखतंय असं सांगणाऱ्या पोरासारखा झाला होता.

"उतरलंय, तुआंकू," ते म्हणाले. "मोठी होडी वर जाईल असं वाटत नाही."

राजा मुदांनी हळूच श्वास सोडला. म्हणाले, "मग थांबू. पाणी वाढलं की जाऊ."

लहान होडीतून जाऊ का, असं त्यांनी विचारलं नाही. काठाकाठाने हत्तीवरून जाऊ का, असंही नाही. वल्हेकऱ्यांनी सगळं ऐकलं. पांडाक कासा म्हणायचा की पुढच्याने मागच्याकडे पाहिलं, मागच्याने पाण्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी आपापल्या वल्ह्यांकडे पाहिलं.

तांडेलांच्या मनात असं होतं की एक रात्र जाऊ द्यावी. माणसाला धीर गोळा करायला एक रात्र पुरते. सकाळी ते म्हणाले असते की रात्रीत पाणी चढलं, चला.

पण दुपारीच एक गोष्ट घडली. मागून मिठाची एक होडी आली. मेक जाह नावाची विधवा होती, मुखाकडून मीठ आणि सुकी मासळी नेऊन वरच्या गावांत विकायची. होडी पोत्यांनी इतकी भरलेली की काठ पाण्याला टेकायला आलेला. ती दांड्याच्या डाव्या अंगाने सुळकन वर निघून गेली. जाताजाता मेक जाहने पिवळं छत्र पाहिलं, हात जोडून डोक्याला लावले, आणि तांडेलांना मोठ्याने म्हणाली, "सावकाश या तुम्ही. आम्ही पुढे जाऊन चुली पेटवतो."

होडीत सगळ्यांनी ते ऐकलं. सावकाश या. चुली पेटवतो. वल्हेकऱ्यांतला एक जण खोकला, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. राजा मुदांनी छपराचा पडदा ओढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांडेलांनी पडद्याबाहेरून सांगितलं की पाणी चढल्यासारखं वाटतंय. आतून उत्तर आलं, "काल तूच म्हणालास उतरलंय म्हणून. माझ्या होडीचा तळ फाडायचाय का तुला?" तिसऱ्या दिवशी हुकूम झाला की खाली वळा, पाऊस पडला की पुन्हा येऊ. तांडेलांनी सुकाणू फिरवलं. प्रवाहाबरोबर होडी आपोआप चालते. वल्ही मारावीच लागली नाहीत, याचीच सगळ्यांना जास्त लाज वाटली.

तिकडे पुलाउ केम्बांगला सरदार वाट बघत बसले होते. मय्यत शवपेटीत ठेवून भोवती चहाची पत्ती, कापूर, चुना भरला होता. उन्हाळ्याचे दिवस. जिला रात्रंदिवस उशाशी बसायचा मान होता ती सुलतानांची म्हातारी बहीण शेवटी नाकाला पदर लावून बाहेर आली आणि सरदारांना म्हणाली, माझ्या भावाची अशी विटंबना करू नका. मग त्यांनी दिवाणांना, थकलेल्या, गादी नको म्हणणाऱ्या माणसाला, गादीवर बसवलं. नौबत वाजली. आणि मग सुलतानांना माती मिळाली.

बातमी मुखाशी पोचली तेव्हा राजा मुदा बद्रुल पेटून उठले. मला डावललं, माझा हक्क लुटला, नदीला पाणी नव्हतं त्याला मी काय करणार, असा त्यांनी वर दावा लावला. दोन-तीन सरदार त्यांच्या बाजूने होते. शेवटी असं ठरलं की मधल्या एका गावी सभा भरवायची. राज्याचा न्याय म्हाताऱ्या तेमेंगोंगांकडे होता, त्यांनी ऐकायचं आणि ठरवायचं. आणि साक्षीला तांडेल हवा.

जायच्या आदल्या दिवशी राजा मुदांचा माणूस घरी येऊन गेला. काय सांगायचं ते त्याने सांगितलं. सासूबाईंच्या मांडीवर महिन्याची मुलगी होती, तीच पुढे माझी बायको झाली. त्यांनी नवऱ्याला इतकंच म्हटलं, "पाणी होतं तेवढं सांगा. जास्त नको, कमी नको."

सभेत एका बाजूला राजा मुदा बसले होते, दुसऱ्या बाजूला सरदार, मध्ये चटई. तेलुक बेरेम्बांगचा मुखिया आधीच सांगून गेला होता की मिठाची होडी त्याच दिवशी भरलेली वर आली. तेमेंगोंगांनी कुराण पुढे ठेवलं आणि विचारलं, "तांडेल, पाणी किती होतं?"

"कमरेएवढं," ते म्हणाले.

सभेत कुजबुज झाली. राजा मुदांनी मान वर केली नाही.

"होडीला पुरेसं होतं?"

"होतं."

"मग राजा मुदांनी वळायला सांगितलं?"

आता एकच शब्द बोलायचा होता. तो शब्द खराही होता. सासरे सांगायचे की त्यांना समोर राजा मुदांचे पाय दिसत होते, आणि उजव्या पायाचा अंगठा चटईच्या काडीत सारखा खुपसला जात होता. ते म्हणाले, "नाही. त्यांनी मला विचारलं. मी खोटं सांगितलं. घरी बायको पोटुशी होती, मला मागे फिरायचं होतं."

कुणीतरी मोठ्याने हसलं. तेमेंगोंग हसले नाहीत. ते राजा मुदांकडे वळले आणि हळू आवाजात म्हणाले की तांडेल खोटं बोलला असं आपण मानू. पण तीन दिवस माणूस होडीत बसून होता आणि पाणी छपरातून वाकून दिसतं. ज्याला स्वतःच्या होडीखालचं पाणी दिसत नाही त्याला राज्य काय दिसणार? आणि नौबत एकदा वाजली की परत मागे घेता येत नाही.

म्हणजे सासऱ्यांनी तोंडाला काळं फासून घेतलं आणि त्याचा उपयोगही झाला नाही. राजा मुदा सगळं ऐकत बसले होते. त्यांच्या तोंडून, नाही, तसं नाही झालं, असा अर्धा शब्द निघाला नाही. सभा उठली तेव्हा त्यांच्या माणसाने येऊन सांगितलं की उद्यापासून होडीवर येऊ नकोस.

त्यानंतर काही वर्षं राज्यात दोन सुलतान होते, एक वर आणि एक खाली, कारण राजा मुदांनी मुखाशी स्वतःच्या नावाची मोहर करून घेतली. दोघांची माणसं जकातीच्या नाक्यांवरून भांडायची. घरं जळली, दुरियानच्या फळबागा तोडल्या गेल्या, सासूबाईंचा धाकटा भाऊ एका नाक्यावर भाल्याने मेला. त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या आईने, म्हणजे सासऱ्यांच्या सासूने, जावयाकडे बोट दाखवून म्हटलं, "याच्या बायकोचं पोट." इतकंच. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

पुढे गोरे साहेब आले, त्यांनी दोन्ही सुलतानांची भांडणं ऐकून घेतली, आणि जकात स्वतःच गोळा करायला लागले. तेव्हाही लोक म्हणाले की आलांगने पाणी आटवलं नसतं तर ही पाळी आली नसती. एका माणसावर केवढं ओझं टाकायचं याला काही सुमार असतो, पण लोकांना सोपं उत्तर हवं असतं, आणि सोपं उत्तर नदीच्या आतल्या फाट्यावर नीपा माडाच्या झावळ्या विणत बसलेलं होतं.

मी त्या घरात गेलो तेव्हा मला दिसलं ते हेच. जेवणावळीला गेले की दाराशी बसायचे. मशिदीत शेवटच्या ओळीत. एखाद्या पोराने काम टाळलं की त्याची आई ओरडायची, "का रे, पाणी आटलं का?" आणि मग त्यांना बघून जीभ चावायची. ते ऐकू न आल्यासारखं करायचे. घरात कधी आवाज चढवला नाही. माझ्या बायकोला लहानपणापासून एवढंच ठाऊक होतं की आपण पोटात होतो म्हणून हे सगळं झालं. तिने एकदा मला विचारलं होतं, "मी जन्मलेच नसते तर?" मी तिला म्हटलं, वेडी आहेस. पण तिच्या वडिलांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही.

माझी मुलं चालायला लागली होती त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी घाटाला एक साधी होडी लागली. दोन वल्हेकरी, छत्र नाही, आणि एक जाडसर म्हातारा माणूस काठी टेकत उतरला. सासऱ्यांच्या हातातली झावळी खाली पडली. ते ओट्यावरून उतरून चिखलात बसले आणि दोन्ही हात कपाळाला लावले. तेव्हा मला कळलं की हे कोण.

सासूबाईंनी चटई अंथरायला फार वेळ लावला. त्यांनी भात आणि आंबवलेल्या दुरियानमधलं माशाचं कालवण वाढलं. राजा मुदा जेवले. साहेबांनी त्यांना महिन्याला थोडी रक्कम लावून दिली होती आणि सुलतान म्हणवून घ्यायला मनाई केली होती. त्यांनी सासऱ्यांना वर येऊन शेजारी बसायला सांगितलं. सासरे पायरीवरच बसले.

राजा मुदा म्हणाले, "सभेत तू बायकोचं नाव का घेतलंस?"

"तुम्ही ऐकत होतात म्हणून. तुमच्यासमोर तुमचं नाव कसं घेऊ?"

"मी बोलायला हवं होतं. मी नुसता पायाकडे बघत बसलो." मग ते म्हणाले, "पण आलांग, त्या दिवशी तू मला सांगायला हवं होतंस, पाणी आहे म्हणून. तू पाणी आहे म्हणाला असतास तर मला जावंच लागलं असतं."

त्यात राग नव्हता. एखाद्या जुन्या मित्राला, तू मला त्या दिवशी उठवलं का नाहीस, असं म्हणावं तसं ते म्हणाले. मला वाटलं, आता तरी सासरे म्हणतील की तुमच्यासाठीच केलं. तेच आम्ही सगळे धरून चाललो होतो. सासूबाईसुद्धा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

सासरे पायरीकडे बघत म्हणाले, "तुआंकू, मला तुमचा चेहरा दिसला हे खरं. पण त्याआधी मला ते तराफे दिसत होते. त्या बायका आपल्या होडीला हसतील, आणि होडी माझ्या हातात असेल. मलाच पुढे जायचं नव्हतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मला आडोसा मिळाला. तुमच्या लाजेमागे मी माझी लाज लपवली."

राजा मुदांनी पाण्याचा तांब्या ओढला. बोटं धुतली, विडा घेतला, माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

होडी दिसेनाशी झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "इतकी वर्षं मला सांगत आलात की त्यांच्यासाठी केलं."

"मलाही तसंच वाटत होतं," ते म्हणाले. त्या आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्या दिवशी त्यांनी भांडी फार आपटली.

पुढच्या वर्षी मला तेलुक बेरेम्बांगला एक म्हैस बघायला जायचं होतं. सासरे आपणहून म्हणाले, मी येतो. होडी वळवली त्या दिवसानंतर ते तिथे कधी गेले नव्हते. दांड्याशी आलो तेव्हा मी वल्हं थांबवलं नाही. तराफ्यांवर बायका कपडे धूत होत्या. कुणी आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तरुण पोरींना ते कोण हे कुठून माहीत असणार?

म्हैस बघून झाल्यावर उन्हामुळे आम्ही एका दुकानात टेकलो. दुकान चालवत होती ती एक दात पडलेली म्हातारी. मीठ, मासळी, तंबाखू. सासऱ्यांनी तिला ओळखलं नाही, तिने त्यांना ओळखलं. "राजा मुदांचे तांडेल ना तुम्ही? मी मेक जाह."

सासरे उठायला लागले. तिने त्यांचा हात धरून बसवलं आणि चहा पुढे केला. मग ती बोलायला लागली, आणि तिच्या बोलण्यात टोचणं काही नव्हतं. एवढंच होतं की ही गोष्ट तिला कधीच समजली नव्हती, आणि आता विचारायला माणूस सापडला होता.

"तुम्ही त्या दिवशी आलाच नाहीत," ती म्हणाली. "मी गावात येऊन सांगितलं, राजा मुदा खाली थांबलेत, येतीलच. आम्ही भात लावला, दोन बकरे कापले. वल्हेकरी किती दिवसांचे उपाशी असतील म्हणून. पोरींनी हळद लावून तांदूळ भिजवले, होडीवर उधळायला. संध्याकाळपर्यंत तराफ्यांवर उभ्या होत्या सगळ्या. दुसऱ्या दिवशीही. तांदूळ आंबले शेवटी, कोंबड्यांना टाकले."

सासऱ्यांनी विचारलं, "हसायला नव्हत्या उभ्या?"

मेक जाहला प्रश्नच कळला नाही. मी तिला राणीच्या गोष्टीची आडून आठवण करून दिली. तेव्हा ती म्हणाली, "अहो, ज्याच्या घरात मय्यत पडलीय आणि जो गादीवर बसायला चाललाय त्याला कोण हसतं? हसायचं ते आम्ही त्या आलियासला हसत होतो. राजा मुदांची होडी येतेय म्हटल्यावर तो शेजारच्या गावात पळून गेला होता. ती बाई वर्षभरात त्यालाही सोडून गेली." मग ती आत जाऊन सुक्या मासळीचा पुडा घेऊन आली, पैसे घेतले नाहीत.

परत येताना सासरे होडीच्या पुढच्या टोकाला बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मला वाटलं ते रडत असतील, पण रडत नव्हते. कान मात्र लाल झाले होते, लहान मुलाचे होतात तसे. दांडा मागे पडल्यावर म्हणाले, "कुलोप, हे राजा मुदांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

मी म्हटलं, मी कुठे भेटणार त्यांना.

"कुणाकडून जाऊ देऊ नकोस. मी एकटा पुरे."

ते बरोबर की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही. एकदा त्यांनी त्या माणसाला जे ऐकायचं होतं ते सांगितलं आणि आता जे ऐकवणार नाही ते लपवलं. दोन्ही एकाच जागेवरून आलेलं. पण त्या दिवशी मी मान डोलावली, आणि बायकोलाही कित्येक वर्षं सांगितलं नाही. तिला एकच सांगितलं, की तुझ्या जन्माचा त्यात काही संबंध नव्हता, बाबा स्वतः म्हणाले. ती चुलीपाशी बसली होती. बराच वेळ लाकडं सारखी करत राहिली.

पावसाळ्यानंतर राजा मुदा बद्रुल कुआला बातूला वारले. ते सुलतान नव्हते, म्हणून कुणाची वाट बघायची नव्हती, नौबत नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारीच माती द्यायची होती. सासरे आणि मी रात्रभर होडी हाकून पोचलो. त्यांनी खांदा दिला, पण मागच्या बाजूला, आणि लगेच दुसऱ्याला जागा करून दिली.

दफन झाल्यावर राजा मुदांचा थोरला मुलगा आमच्याजवळ आला. साहेबांच्या कचेरीत कामाला होता, बूट घातलेला, बोलण्यात अदब होती. म्हणाला, "तुम्ही तांडेल आलांग ना? वडील शेवटपर्यंत सांगत होते, नदीला पाणी नव्हतं. तुम्हीच सांगा, खरंच नव्हतं का?"

 मला वाटलं आता सासरे खूप काही बोलतील.

"होतं," ते म्हणाले.

मुलगा पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला. पुढचं वाक्य आलं नाही. त्याने मान वळवली आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेला. आम्हाला वर घरात कुणी बोलावलं नाही. आम्ही खाली वल्हेकऱ्यांच्या पंगतीत जेवलो, आणि भरती लागल्यावर घरी निघालो. त्यानंतर ते दोन पावसाळे जगले. त्या खेपेला मात्र जाताना आणि येताना सुकाणू मीच धरलं, कारण त्यांनी ते मागितलं नाही आणि मी देऊ केलं नाही.